मास्तरीणबाईंची चाळीस इंची खोळ

मास्तरीणबाई म्हटलं की लोक फळा, खडू, छडी असलं काहीतरी डोळ्यांपुढे आणतात. आमची मास्तरीण शाळेतली नव्हे, कात्रीची. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला कटर मास्तर म्हणतात. ते काम एकतीस वर्षं एका बाईनं केलं म्हणून ती मास्तरीण. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि विजेवर चालणारी उभी सुरी त्यातून फिरवायची. रेघ जराशी चुकली की चाळीस शर्टांचे चाळीस खांदे एका झटक्यात वाकडे. असं काम एकतीस वर्षं केलेल्या माणसाला ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा लागतो. कुणी म्हणालं, ‘अंदाजे पाच मिनिटांत येतो,’ तर ती विचारायची, ‘म्हणजे चार की सहा?’

तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणतो, मागे ‘ती’ म्हणतो. तिला ते माहीत आहे.

आमची ओळख दोऱ्याच्या रिळावरून झाली. तेव्हा मी नुकताच कार्यकर्ता झालो होतो. कार्यकर्ता व्हायला परीक्षा नसते, नाहीतर त्यातही नापास झालो असतो. शाळेनं मला सातवीतच हात जोडले होते. पुढचं सगळं शिक्षण पत्रकं वाचून, पत्रकं लिहून आणि चौकीच्या बाकड्यावर बसून झालं. तर कारखान्यात येणाऱ्या रिळांवर छापलेलं असायचं हजार मीटर. मास्तरणीला शंका आली. जेवणाच्या सुट्टीत तिनं व्हरांड्यातल्या दोन खांबांभोवती अख्खं रीळ उलगडलं आणि मोजलं. भरलं नऊशे वीस. मी त्यावर पत्रक काढलं, फाटकाबाहेर सभा घेतली, भाषण ठोकलं. व्यापाऱ्यानं मुकाट्यानं माल बदलून दिला. टाळ्या मला पडल्या. सभा संपल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, ‘पुढारी, बोललास झकास. पण तू नऊशे म्हणालास. नऊशे वीस आहे. चोराचेसुद्धा वीस मीटर आपण खायचे नाहीत.’ त्या दिवसापासून मी तिच्या लेखी पुढारी. ही पदवी आहे की चिमटा, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता तिच्या नवऱ्याबद्दल, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी झाला. त्याला सगळे मुकादम म्हणतात. पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर तो मुकादम होता. झाकणामागे एक धडाका, मिनिटाला चाळीस झाकणं, तीस वर्षं. यंत्र भंगारात गेलं, मुकादम घरी आला आणि कान प्रेसमध्येच राहिले. सरकारी तपासणीत डॉक्टरनं यंत्र दिलं कानात घालायला. त्यातून म्हणे भांडी घासल्याचा आवाज यायचा. चौथ्या दिवशी ते यंत्र मास्तरणीच्या बटणांच्या डब्यात जाऊन पडलं. अजून तिथंच आहे, बटणांबरोबर खुळखुळतं.

या दोघांचं भांडण म्हणजे आमच्या गल्लीचं घड्याळ होतं. संध्याकाळी सातला टीव्हीवर चर्चा लागायची. चार माणसं एकमेकांवर ओरडायची आणि पाचवा त्यांना ओरडू नका म्हणून ओरडायचा. मुकादम एकाची बाजू घ्यायचा, मास्तरीण दुसऱ्याची. मध्येच बाजू बदलायचे, पण भांडण सोडायचे नाहीत. ‘तुम्हाला अक्कल नाही’ हे वाक्य साडेसातच्या सुमारास यायचं, तेव्हा शेजारची बाई भात गॅसवरून उतरवायची. मी त्या घरी कितीदा तरी भाषणाची तयारी करायला जाऊन बसलो आहे. विरोधकांचे मुद्दे फुकटात मिळायचे.

कान गेले तसं हे बंद पडलं. मुकादम टीव्हीसमोर बसायचा, पण बघायचा टीव्हीच्या शेजारची भिंत. काही विचारलं की ‘हं.’ जेवायचं का? हं. दार लावू? हं. घराला आग लागलीय. हं. शेवटचं तिनं मुद्दाम म्हणून पाहिलं होतं.

एक दिवस ती माझ्या कार्यालयात आली. कार्यालय म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, दोन खुर्च्या, तिसरी मोडकी. मोडक्या खुर्चीवरच बसली, कारण चांगल्या खुर्च्यांवर माझी पत्रकं होती.

‘पुढारी, टीव्ही घ्यायचाय. चपटा.’

‘बरं झालं. तो डबा आता संग्रहालयात शोभेल.’

‘हौस म्हणून नकोय. सातच्या चर्चेत आता बोललेलं सगळं खाली अक्षरांत येतं म्हणे. आमच्या डब्यावर ती ओळ अर्धी कापली जाते. अक्षरांची डोकी दिसतात, पाय दिसत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, काचेच्या कडेखाली जातं ते, डब्याचा स्वभावच तसा. यांनी चार दिवस डोकी वाचून बघितली. मग सोडून दिलं.’

मी म्हणालो, ‘वाईट वाटतं हो. मुकादमांशी कुणी बोलत नाही—’

‘बोलायचं काय घेऊन बसलास? बोलायला मी आहे की. दोन वर्षं झाली, मला कुणी खोडून काढलेलं नाही. मी म्हणेन ते खरं. परवा मी भाजीत मीठ दोनदा घातलं, हे मुकाट खाऊन उठले. माणूस असा जातो रे. आधी भांडण जातं, मग बाकीचं.’

हे ती रडत बोलली असती तर मी सांत्वन केलं असतं. ती चिडून बोलली, म्हणून मी उठून उभा राहिलो. चिडलेल्या माणसाच्या बाजूनं उभं राहणं हा माझा धंदा आहे.

टीव्हीबद्दल मला काही माहीत नव्हतं, पण तसं कबूल करणं माझ्या रक्तात नाही. तीन दिवस मी दुकानांतली माहितीपत्रकं गोळा केली आणि वही भरली. रेझोल्यूशन, कॉन्ट्रास्ट, हर्ट्झ, निट्स. एका टीव्हीचा कॉन्ट्रास्ट होता दहा लाखास एक. मला तो आकडा आवडला. आमच्या मोर्चाला आम्ही असलेच आकडे सांगतो. दुसऱ्यावर लिहिलं होतं ‘एचडी रेडी’. मी वहीत नोंद केली: रेडी म्हणजे तयार, घेतला की लगेच चालू होतो. तिसऱ्यावर फोर के. चार के असतील तर एक केपेक्षा चौपट चांगला, हे उघड होतं. मी मास्तरणीला वही वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘यात अक्षरं किती मोठी दिसतात ते कुठं लिहिलंय?’

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

‘बरं, माप कोणतं घ्यायचं?’

‘चाळीस इंच,’ मी ठासून सांगितलं. ‘मुकादमांच्या खुर्चीपासून भिंत किती?’

‘नऊ फूट दोन इंच.’

‘मग चाळीस. त्याहून कमी नको.’ हे मी एका माहितीपत्रकात वाचलं होतं, आणि माझ्या सगळ्या वहीत एवढंच पुढे बरोबर निघालं.

आणि इथं तिनं जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. टीव्ही आणण्याआधी तिनं टीव्हीची खोळ शिवली. जुन्या डब्याला तिची खोळ होतीच, पंख्याला होती, शिवणयंत्राला होती, माझ्या लाउडस्पीकरलाही तिनंच शिवून दिली होती. नवी वस्तू घरात उघडी येणं तिला नवरदेवानं बनियनवर येण्यासारखं वाटतं. निळं जाड कापड, कडेला पांढरी पायपिंग, रिमोटला आडवा खिसा, मागं वायरींसाठी काज करून ठेवलेलं. रुंदी चाळीस इंच. उंची तिनं पेपरातल्या जाहिरातीच्या चित्रावरून पट्टीनं प्रमाण काढून ठरवली. मी खोळ पाहिली आणि मंजुरी दिली. मंजुरी द्यायला मला फार आवडतं.

मुकादम दुकानात यायला तयार नव्हता. तिनं पाटीवर लिहून विचारलं, ‘येता का?’ तो म्हणाला, ‘हं,’ आणि तिथंच बसून राहिला. तर आम्ही दोघंच निघालो: मी वही घेऊन, ती टेप, खोळ आणि नऊ फूट दोन इंचांवर गाठ मारलेली सुतळी घेऊन.

दुकान म्हणजे काचेचा दरवाजा, आत गारठा, आणि भिंतभर टीव्हींवर एकच पोपट. तीस टीव्ही, तीस पोपट. मग धबधबा. मग कापलेलं कलिंगड. मग पुन्हा पोपट. पोपटाचं एकेक पीस मोजता येत होतं. मी भारावलो. मास्तरणीनं पोपटाकडे बघितलंसुद्धा नाही. ती सेल्समनकडे बघत होती. पन्नाशीचा गृहस्थ, टाय लावलेला, टायखाली पोट.

‘काज वाकडं आहे तुमचं,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘तिसऱ्या बटणाचं. म्हणून शर्ट तिथं फुगतो. पोट एवढं नाहीये तुमचं. चाळीस इंची टीव्ही दाखवा.’

सेल्समननं टायनं बटण झाकलं आणि आम्हाला एका टीव्हीपुढे नेऊन घोकंपट्टी सुरू केली. फोर के, एचडीआर, दोनशे मोशन रेट, कॉन्ट्रास्ट दहा लाखास एक. मी प्रत्येक शब्दाला मान हलवत होतो, जणू हे सगळे माझ्या नात्यातले. तेवढ्यात मास्तरणीनं पिशवीतून खोळ काढली, झटकली आणि सरळ टीव्हीवर चढवली.

खोळ लोंबली. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्यानं घातल्यासारखी दोन्ही खांद्यांवरून ओघळली. रिमोटचा खिसा टेबलावर जाऊन टेकला.

तिनं टेप लावली. रुंदी पस्तीस इंच, त्यातही जराशी कमीच.

‘पुढारी,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘पाच इंच मारलेत.’

मला एवढं पुरे होतं. रिळाचे ऐंशी मीटर आठवले, फाटकावरची सभा आठवली. मी तिथल्या एका स्टुलावर चढलो. खरं सांगतो, ठरवून चढलो नाही. स्टूल दिसलं की माझे पाय आपोआप चढतात.

‘मित्रांनो!’ मी सुरुवात केली. दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. ‘इथं चाळीस सांगून पस्तीस विकतात! इंचामागे आठवा हिस्सा! उद्या हे किलोमागेही करतील! टेप इथं आहे, टीव्ही इथं आहे, कुणीही यावं आणि मोजावं!’

माणसं आली. एकानं दुसरा टीव्ही मोजला. त्यावर लिहिलं होतं पन्नास, भरले चव्वेचाळीस. दुसऱ्यानं बत्तीस इंची मोजला, भरले अठ्ठावीस. दुकानात कल्ला झाला. एक बाई पैसे परत मागू लागली. मॅनेजर आतल्या खोलीतून धावत आला. मी ‘जाब विचारल्याशिवाय हलणार नाही’पर्यंत पोचलो होतो. माझं ते वाक्य चांगलं होतं आणि त्यापुढचं तर आणखी चांगलं तयार होतं.

‘खाली उतरा हो साहेब,’ सेल्समन कळवळून म्हणाला. ‘तिरकं मोजतात! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत! सगळ्या जगात असंच मोजतात!’

‘तिरकं का म्हणून? माणसाची उंची काय डाव्या अंगठ्यापासून उजव्या कानापर्यंत मोजतात?’ मी गरजलो. लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

मास्तरणीनं मात्र टेपचं एक टोक खालच्या डाव्या कोपऱ्याला धरलं, दुसरं वरच्या उजव्याला नेलं. बरोबर चाळीस.

‘उरेब,’ ती म्हणाली.

सेल्समनचा चेहरा एकदम उजळला. ‘अगदी बरोबर! उरेब माप!’

हा शिंप्यांचा शब्द. कापड उभ्या-आडव्या धाग्यांवर न कापता तिरकं कापलं की त्याला उरेब म्हणतात. तसं कापड ताणलं जातं, मूळच्यापेक्षा जास्त भरतं.

‘तुम्हाला कसा माहीत हा शब्द?’ तिनं विचारलं.

‘अहो, बावीस वर्षं इथंच कापड फाडलं मी. हे आधी कापडाचंच दुकान होतं. मालकाच्या मुलानं टीव्हीचं केलं. गज गेला, टाय आला.’

‘तरीच काज चालवून घेता,’ ती म्हणाली. ‘कापडवाल्यांना शिवणीतलं कधी कळलंच नाही.’ मग माझ्याकडे वळली. ‘उतर खाली.’

स्टुलावरून उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड काम आहे. मी गिऱ्हाइकांना म्हणालो, ‘तरीही तिरकं मोजतात हे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं,’ आणि हे मी आजही म्हणतो. फायद्याचं तेवढंच माप मोठ्यानं सांगायचं आणि कोणत्या बाजूनं मोजलं ते गिळायचं, ही चलाखीच आहे. पण त्या दिवशी ऐकायला कुणी थांबलं नाही. सगळे पोपटाकडे परत गेले.

यानंतर मास्तरणीनं जे चालवलं, ते मी वही बंद करून पाहिलं.

‘आता सरळ सांगा,’ ती सेल्समनला म्हणाली. ‘आणखी काय काय उरेब मोजलंय यात?’

त्यानं मॅनेजर आत गेल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. ‘दोनशे मोशन रेट उरेब. मूळ पडदा पन्नास-साठचाच आहे, बाकी कंपनीचं ताणकाम. दहा लाखास एक, हे तर कोणत्या अंधारात मोजतात देव जाणे. प्रत्येक कंपनी आपापलं मोजते. एचडी रेडी म्हणजे बारीक चित्र आत घेतो, पण दाखवतो जाडच. पडद्यावर तेवढे ठिपके नाहीत.’

‘म्हणजे शर्टाचं कापड घेऊन बनियन शिवल्यासारखं?’

‘तसंच. फुल एचडी घ्या, त्यात ठिपके पुरते आहेत. फोर केचा धागा आणखी बारीक. पण नऊ फुटांवरून चाळीस इंचाला बघणार असाल तर तुम्हाला दोन्ही सारखेच.’

‘सुतीत ऐंशीचा धागा आणि शंभरचा धागा. हात लावून कळतो, खिडकीतून नाही.’

‘आता तुम्हीच विका,’ सेल्समन म्हणाला.

मी खोकलो. ‘पण फोर के—’

‘पुढारी, तू बस.’ मी स्टुलावर बसलो. बसायलाही स्टूल चांगलंच होतं.

मग तिनं पोपट बंद करायला लावला. ‘पोपट वाचायचा नाहीये मला. सातचं चॅनेल लावा, नसेल तर बातम्यांचं, खाली अक्षरं असलेलं.’ सेल्समननं केबल जोडून दिली. पोपटावर झळाळणारे टीव्ही बातम्यांवर आले आणि बरेचसे ओशाळले. रंग भडक, निवेदिकेचे गाल टोमॅटोसारखे. तिनं सुतळीचं एक टोक टीव्हीला टेकवून सेल्समनच्या हातात दिलं, आणि गाठ हातात धरून मागं सरकत गेली. नऊ फूट दोन इंचांवर उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. प्रत्येक टीव्हीपुढे सुतळी नव्यानं धरायची, तेच वाचन. आतल्या मॅनेजरला वाटलं असेल, दुकानात प्रौढशिक्षणाचा वर्ग सुरू झालाय.

तीन टीव्ही उरले. तेव्हा ती म्हणाली, ‘आता दारात घ्या.’

‘काय दारात?’

‘टीव्ही. कापड दुकानातल्या दिव्याखाली घेत नाहीत, दारात नेऊन उजेडात बघतात. बावीस वर्षं काय केलंत? आमच्या खोलीत टीव्हीसमोर खिडकी आहे.’

तो म्हणाला, असं कधी कुणी केलेलं नाही. ती म्हणाली, म्हणूनच लोक फसतात. शेवटी दोन हमालांनी तीनही टीव्ही एकामागून एक दरवाजाशी आणले, वायर ताणून. पहिल्या चकचकीत टीव्हीत बातम्या गेल्या आणि रस्ता दिसू लागला: रिक्षा, कुत्रं आणि वही घेतलेला मी. दुसऱ्याचंही तेच. हे दोन्ही माझ्या वहीतले सगळ्यात मोठ्या आकड्यांचे होते. तिसऱ्याचा पडदा मंद, पिठूळ, दिव्याखाली तो अगदीच गरीब दिसत होता. दारात मात्र त्याची अक्षरं जागच्या जागी राहिली.

‘हाच,’ ती म्हणाली. ‘तोंड चमकत नाही, म्हणून वाचता येतंय.’

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही घरी आला. बसवणारा भिंतीला ठोकून, केबल लावून निघून गेला. मला सहालाच बोलावलं होतं, कारण मेनू वगैरे इंग्रजीतून आला तर. मुकादम खुर्चीत बसून सगळं बघत होता, म्हणजे बघत नव्हता. मास्तरीण जमिनीवर बसून खोळ अरुंद करत होती. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच आत घेतली, पण जास्तीचं कापड कापलं नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवलं. शिंपी त्याला माया म्हणतात. ‘उद्या मोठा टीव्ही आला तर उसवता येईल,’ ती म्हणाली. बाई एकाच टीव्हीच्या खोळीत दुसऱ्या टीव्हीची सोय करून ठेवत होती.

सात वाजले. चर्चा लागली. चार माणसं ओरडू लागली आणि खाली अक्षरांची ओळ उमटली.

अर्धीच.

डोकी होती. पाय नव्हते. अगदी जुन्या डब्यासारखंच.

मुकादमानं एकदा पडद्याकडे पाहिलं. ‘हं,’ म्हणाला आणि मान भिंतीकडे वळवली.

मास्तरणीचा हात थांबला. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली होती, दमलेली पाहिली होती. हरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सुई तशीच कापडात अडकलेली, आणि ती नुसती नवऱ्याच्या मानेकडे बघत होती.

माझं डोकं फिरलं. ‘उद्या सकाळी दुकानासमोर!’ मी ओरडलो. ‘बॅनर घेऊन! त्या टायवाल्यानं दुकानात पूर्ण ओळ दाखवली आणि खोक्यातून दुसराच माल दिला!’

‘गप रे,’ ती म्हणाली. मग उठली, टेप घेतली आणि पडद्यापाशी गेली. वरच्या कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह होतं, गोल. तेही वरून कापलेलं होतं. उजवीकडे घड्याळ होतं, त्याचा शेवटचा आकडा निम्मा. तिनं चारही बाजू बोटानं चाचपल्या, कापडाची शिवण चाचपतात तशा.

‘चहूबाजूंनी गेलंय,’ ती म्हणाली. ‘सारखंच गेलंय. तुटलेलं असं सारखं जात नाही, पुढारी. हे कुणीतरी दुमडलंय. चित्र थोडं मोठं करून कडा मायेत घातलीय. म्हणजे आत कापड आहे. उसव.’

‘कुठून उसवू?’

‘वही कशाला भरलीस तीन दिवस?’

मी रिमोट घेतला. मेनू उघडला. पिक्चर, मग साउंड, मग पुन्हा चुकून पिक्चर. निवेदकाचा चेहरा हिरवा झाला, मग जांभळा. एकदा सगळं आडवं ताणलं गेलं आणि चारही वक्ते जाडे झाले. मुकादमानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या ओठाची कड हलली. शेवटी एका कोपऱ्यात ‘पिक्चर साइज’ सापडलं. त्यात चार नावं होती आणि आमचा टीव्ही ‘झूम’वर बसला होता. दुकानातला नमुना कुणीतरी आधीच नीट करून ठेवला असणार, आमचा खोक्यातून ताजा आलेला. मी ‘स्क्रीन फिट’ दाबलं.

चित्र बोटभर आत आलं. चिन्ह गोल झालं, घड्याळाचा आकडा पुरा झाला आणि खालची ओळ पायांवर उभी राहिली.

मास्तरणीनं नवऱ्याच्या खांद्याला हात लावला नाही की हाक मारली नाही. ती परत जमिनीवर बसली, सुई उचलली आणि मोठ्यानं, तोंड त्याच्याकडे करून म्हणाली, ‘हा डावीकडचा मात्र अगदी बरोबर बोलतो.’

त्याला ते ऐकू गेलं नाही. पण ओठ कळले असावेत, किंवा इतक्या वर्षांच्या भांडणातला तो चेहरा कळला असावा. त्यानं मान वळवली. ओळ वाचली. दुसरी आली, तीही वाचली. भुवया एकत्र आल्या. तो खुर्चीत पुढे सरकला, हात गुडघ्यांवर टेकले आणि प्रेसवर बोलायचा त्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘हा? हा बरोबर? हा तर आत्ताच दोन वाक्यांपूर्वी उलटं बोलला! तुला वाचता येतं का?’

‘मला वाचता येतं का?’ मास्तरीण कडाडली. ‘एकतीस वर्षं मापं वाचली मी!’

‘मापं वाचलीस, माणसं नाही! हा डावीकडचा चोर आहे!’

‘चोर तुमचा उजवीकडचा!’

तो ओठ वाचत होता, ओळ वाचत होता, आणि दोन्हींमधून जे काही कळत होतं त्याला खोडत होता. चुकीचंही खोडत होता. तिनं सुई खोळीत खुपसली, पाटी ओढून त्यावर एकच शब्द खरडला आणि त्याच्या नाकापुढे धरला. मला वाचता आला नाही, पण त्यानं पाटी हिसकावून त्याखाली दुसरा लिहिला.

मी म्हणालो, मी निघतो. कुणी ऐकलं नाही. चहाचं भांडं गॅसवर तसंच होतं, गॅस मीच बंद केला. चपला घालत होतो तेव्हा शेजारच्या बाईनं दारातून डोकं बाहेर काढलं, आतला आरडाओरडा ऐकला आणि मला विचारलं, ‘साडेसात वाजले का हो?’

‘वाजायचेत,’ मी म्हणालो. ‘आज दोघांनी लवकर सुरू केलंय.’